कॅनडात सायकलचे कपडे आणि साहित्य ऑनलाइन मागवताना

कॅनडात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी एका संकेतस्थळावरून सायकलची जर्सी आणि बैठकीला गादी असलेल्या पॅडेड शॉर्ट्स मागवल्या. पत्त्याच्या शेवटी डॉट सीए होते, किमती कॅनेडियन डॉलरमध्ये होत्या आणि पहिल्या पानावर मेपलचे पान झळकत होते, त्यामुळे दुकान याच देशातले आहे याविषयी मला शंका आली नाही. तीन आठवड्यांनी पार्सल परदेशातून आले, दारात उभ्या असलेल्या कुरिअरवाल्याने सीमाशुल्क, कर आणि त्यावर स्वतःचे शुल्क मागितले, आणि शॉर्ट्स मांडीत इतक्या घट्ट निघाल्या की त्या परत करण्यावाचून पर्याय उरला नाही. परतीचे टपाल माझ्याच खर्चाने परदेशी पाठवायचे होते आणि तो खर्च वस्तूच्या जवळजवळ निम्म्या किमतीइतका होता. तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी दोनच गोष्टींची खात्री करून घेतो: हे पार्सल कोठून निघणार आहे आणि नको असल्यास ते परत कसे जाणार आहे. पुढे जे लिहिले आहे ते या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

पहिली पायरी: आपला रस्ता आणि आपली हवा

खरेदीची यादी करण्याआधी आपण कोणत्या गावात, कोणत्या महिन्यांत आणि किती अंतर सायकल चालवणार आहोत हे कागदावर लिहून काढावे. व्हँकुव्हरमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुख्यतः पावसाचा असतो, त्यामुळे तिथल्या माणसाला चांगले रेनजॅकेट आणि पूर्ण लांबीची मडगार्ड या दोन गोष्टींवाचून चालत नाही. विनिपेग, कॅलगरी किंवा माँट्रियलला प्रश्न कोरड्या, बोचऱ्या थंडीचा, बर्फाचा आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा असतो. टोरोंटोच्या परिसरात उन्हाळा दमट आणि हिवाळा गोठवणारा असल्याने दोन्हीची तयारी लागते, मात्र ती एकाच महिन्यात करण्याची गरज नसते.

पुणे-मुंबईहून आलेल्यांचा एक अंदाज हमखास चुकतो. थंडी म्हटली की जाड कपडा घ्यावा असे आपल्याला वाटते. पण सायकल चालवताना दहा मिनिटांत अंग तापते, घाम येतो, आणि सुती गंजिफ्रॉक तो घाम धरून ठेवतो. मग सिग्नलला थांबल्यावर तोच ओला कपडा हुडहुडी भरवतो. म्हणून सुती कपडा टाळावा आणि थर करावेत: अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर लांब बाह्यांची जर्सी आणि सर्वांत वर वारा अडवणारे पातळ जॅकेट. वाऱ्याचा हिशेब इथे फार महत्त्वाचा आहे, कारण कॅनडाच्या हवामान खात्याच्या सूत्रानुसार उणे १० अंश तापमानात ताशी २० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे १८ सारखे जाणवते, आणि सायकलस्वार तर आपल्या वेगाने स्वतःच वारा निर्माण करत असतो. घरातून निघताना पहिली पाच मिनिटे किंचित थंडी वाजली तर कपडे योग्य आहेत असे समजावे. दारातच ऊब वाटली तर पुढे घामाने भिजणे ठरलेले आहे.

हाताचा विचार वेगळा करावा लागतो, कारण हँडलवर बोटे हलत नाहीत आणि वारा थेट त्यांच्यावर येतो. शून्याच्या आसपास वारारोधक हातमोजे पुरतात. त्याखाली, विशेषतः उणे १० च्या खाली, दोन-दोन बोटे एकत्र ठेवणारे, खेकड्याच्या नांगीसारखे दिसणारे हातमोजे किंवा हँडललाच कायम बसवायचे मोठे कापडी कव्हर घ्यावे. हे दुसरे साधन दिसायला बेढब असते, पण हिवाळ्यात रोज कामावर सायकलने जाणाऱ्यासाठी त्याहून उपयोगी वस्तू मला तरी माहीत नाही.

दुसरी पायरी: मापे घेणे

ऑनलाइन घेतलेले कपडे परत करण्याचे एक मोठे कारण मापाची चूक असते, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. शिंप्याची टेप घेऊन छाती, कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग, मांडीचा घेर आणि जांघेपासून पायाच्या घोट्यापर्यंतची लांबी ही पाच मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावीत आणि फोनमध्ये जपून ठेवावीत. आपण भारतात नेहमी ‘एल’ घेत होतो, म्हणून इथेही ‘एल’ घेऊ, असे करू नये. इटालियन बनावटीचे सायकलचे कपडे अंगाला चिकटून बसावेत असे बेतलेले असतात आणि एखादा माप मोठाच घ्यावा लागतो. उत्तर अमेरिकी कंपन्यांचे रोजच्या वापराचे कपडे त्यामानाने सैल असतात. वर्णनात ‘रेस फिट’ लिहिले असेल तर जर्सी वाकून बसलेल्या शर्यतपटूसाठी शिवलेली आहे, ‘क्लब फिट’ मध्यम आणि ‘रिलॅक्स्ड’ सैल, एवढे लक्षात ठेवावे. प्रत्येक कंपनीचा मापांचा तक्ता वेगळा असतो आणि आपली मापे त्या तक्त्याशीच ताडून पाहावीत.

पॅडेड शॉर्ट्सच्या बाबतीत काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पॅडिंग अंगाला घट्ट बसले पाहिजे, कारण सैल पॅडिंग सरकते आणि सरकणारे पॅडिंगच कातडी सोलते. याच कारणासाठी या शॉर्ट्सच्या आत दुसरी अंतर्वस्त्रे घालायची नसतात, ही गोष्ट नव्या माणसाला बहुधा कोणी सांगत नाही. खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या प्रकाराला बिब शॉर्ट्स म्हणतात. त्या कमरेत काचत नाहीत आणि पॅडिंग जागेवर राहते, पण प्रसाधनगृहात गैरसोयीच्या ठरतात. स्त्रियांसाठी पॅडिंगची रचना वेगळी असते आणि काही कंपन्या मागून उघडणारे पट्टे देतात, म्हणून स्त्रियांनी पुरुषांच्या विभागातली स्वस्त जोडी घेऊन समाधान मानू नये.

बुटांचे भारतीय माप ब्रिटिश पद्धतीचे असते, तर इथे अमेरिकी माप चालते. पुरुषांचे भारतीय ८ म्हणजे साधारण अमेरिकी ९. सायकलचे बूट मात्र बहुतेक वेळा युरोपीय मापात, ४१, ४२, ४३ असे विकले जातात, त्यामुळे कागदावर उभे राहून टाच ते अंगठा अशी पावलाची लांबी मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. बूट पेडलला अडकणारे असतील तर त्यांच्या तळाला अडकण बसवण्याच्या दोन स्क्रूंची आणि तीन स्क्रूंची अशा दोन पद्धती आहेत. आपले पेडल कोणत्या पद्धतीचे आहे हे पाहिल्याशिवाय बूट मागवू नयेत. पहिल्या वर्षी साधे सपाट पेडल आणि साधे बूट पुरतात.

तिसरी पायरी: दुकान कुठले आहे ते तपासणे

कॅनडातच गोदाम असलेली दुकाने नव्या माणसाने आधी धुंडाळावीत. एमईसी ही १९७१ साली व्हँकुव्हरमध्ये सहकारी संस्था म्हणून सुरू झालेली आणि २०२० साली खासगी मालकीची झालेली साखळी गिर्यारोहणाबरोबर सायकलचेही साहित्य ठेवते. डेकॅथलॉन हे खेळसाहित्याचे दुकान भारतात ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते इथेही ओळखीचे वाटेल. पुणे किंवा ठाण्याच्या शाखेत जी मापे आपल्याला बसत होती ती त्याच कंपनीच्या कपड्यांत इथेही आधाराला येतात, आणि पहिल्या खरेदीसाठी हा फायदा लहान नाही. क्वेबेकची प्रिमो वेलो ही खास सायकलची दुकाने आहेत. कॅनेडियन नाममुद्रांमध्ये क्वेबेकची लुई गार्नो आणि ब्रिटिश कोलंबियातल्या स्क्वामिशची सेव्हनमेश यांची नावे घेता येतील; दुसरीचे पावसाळी कपडे उत्तम, पण महाग असतात. क्वेबेकच्या दुकानाचे पान फ्रेंचमध्ये उघडले तर ‘मायो’ म्हणजे जर्सी आणि ‘कुइसार’ म्हणजे सायकलच्या शॉर्ट्स, इतके शब्द पुरतात. बहुतेक ठिकाणी इंग्रजी पानही असते.

अनोळखी दुकान असेल तर संकेतस्थळाच्या तळाशी जाऊन पत्ता वाचावा आणि ‘शिपिंग’ व ‘रिटर्न्स’ ही दोन पाने पूर्ण वाचावीत. परत पाठवायचा पत्ता कॅनडातला आहे का, हा सगळ्यांत बोलका पुरावा असतो. अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेत वस्तू कोण विकतो आणि कोण पाठवतो या दोन स्वतंत्र ओळी असतात. विक्रेता परदेशी आणि पोहोचण्याची तारीख महिन्यापुढची असेल तर थांबावे. सत्तर-ऐंशी टक्के सवलत, पत्ता नाही आणि पैसे फक्त इंटरॅक ई-ट्रान्स्फरने (म्हणजे बँक खात्यातून थेट पाठवून), असे तिन्ही एकत्र दिसले तर ते पान बंद करावे.

चौथी पायरी: खरा खर्च काढणे

भारतात पाकिटावर छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो. इथे दाखवलेल्या किमतीत तो नसतो, आणि तो प्रांतानुसार बदलतो. १०० डॉलरची जर्सी अल्बर्टात १०५ डॉलरला पडते, कारण तिथे फक्त ५ टक्के संघीय जीएसटी आहे. ऑन्टारियोत १३ टक्के एचएसटीमुळे (संघीय आणि प्रांतीय कर एकत्र) ती ११३ ला, ब्रिटिश कोलंबियात संघीय ५ आणि प्रांतीय ७ टक्के मिळून ११२ ला, नोव्हा स्कोशियात एप्रिल २०२५ पासून १४ टक्क्यांमुळे ११४ ला, आणि क्वेबेकमध्ये ५ व ९.९७५ टक्के मिळून जवळपास ११५ ला पडते. पार्सल ज्या प्रांतात पोहोचते त्या प्रांताचा दर लागतो, त्यामुळे अल्बर्टातल्या दुकानातून मागवून ऑन्टारियोतला कर वाचत नाही.

सीमेपलीकडून मागवल्यास हिशेब निराळा होतो. अमेरिका किंवा मेक्सिकोतून कुरिअरने आलेल्या वस्तूवर ४० कॅनेडियन डॉलरपर्यंत कर आणि १५० डॉलरपर्यंत सीमाशुल्क लागत नाही. टपालाने किंवा इतर देशांतून आलेल्या वस्तूला ही सूट केवळ २० डॉलरपर्यंत आहे. विणलेल्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर सीमाशुल्काचा सर्वसाधारण दर १८ टक्के आहे आणि तो कपडा कोठे शिवला यावर ठरतो, केवळ कोठून पाठवला यावर नाही. समजा, चीनमध्ये शिवलेले २०० डॉलरचे कपडे अमेरिकेतून ऑन्टारियोत आले, तर ३६ डॉलर सीमाशुल्क लागते, मग २३६ डॉलरवर १३ टक्के म्हणजे ३०.६८ डॉलर कर लागतो, आणि वस्तू २६६.६८ डॉलरला पडते. त्यावर कुरिअर कंपनीचे शुल्क वेगळे. टपालाने आल्यास कॅनडा पोस्ट कर वसूल करण्याबद्दल ९.९५ डॉलर घेते. पडद्यावर ४० डॉलरने स्वस्त दिसणारी वस्तू या वाटेने महागच होते. ‘सर्व शुल्के धरून’ असे दुकानाने पैसे भरताना स्पष्ट लिहिले असेल तरच परदेशी दुकानाचा विचार करावा.

विनामूल्य पोहोचवण्याची किमान रक्कम गाठण्यासाठी नको असलेली वस्तू यादीत घालण्याचा मोह होतो. त्याऐवजी जी कधी ना कधी लागणारच आहे अशी वस्तू, म्हणजे ट्यूब, चेनचे तेल किंवा पंक्चरचे ठिगळ, त्यात घालावी. ट्यूब घेताना टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा वाचावा: ४०-६२२ असा असेल तर ४० ही टायरची रुंदी आणि ६२२ हा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये आहे. हवा भरायची तोटी मोटारीसारखी जाड असेल तर श्रेडर, बारीक आणि वरचा नट फिरवून उघडणारी असेल तर प्रेस्टा. युकॉन, नुनाव्हुट किंवा दूरच्या खेड्यांत राहणाऱ्यांनी पोहोचवण्याचा खर्च शेवटच्या पानावर पुन्हा पाहावा, तसेच टायर फुगवायची दाबयुक्त वायूची नळकांडी आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्याने त्यांना वेळ लागतो हेही ध्यानात घ्यावे.

पाचवी पायरी: कायद्याने लागणाऱ्या वस्तू आधी

हेल्मेटची सक्ती प्रांतानुसार वेगळी आहे. ब्रिटिश कोलंबिया आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या चारही प्रांतांत ती सर्व वयांना आहे. ऑन्टारियो, अल्बर्टा आणि मॅनिटोबात १८ वर्षांखालील मुलांना आहे. क्वेबेकमध्ये साध्या सायकलला सक्ती नाही, विजेच्या सायकलला आहे. कायदा काहीही म्हणो, प्रौढ माणसानेही हेल्मेटशिवाय निघू नये असे मी कळकळीने सांगेन. भुवयांच्या वर दोन बोटे टेप धरून डोक्याचा घेर मोजावा आणि आतल्या पट्टीवर सीएसए (कॅनडाचे) किंवा सीपीएससी (अमेरिकेचे) या सुरक्षा मानकाचा उल्लेख आहे याची वर्णनात खात्री करावी. सेकंडहँड हेल्मेट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण पडल्याने आतल्या फोमला झालेली इजा बाहेरून दिसत नाही. कपडे, मडगार्ड, पंप या वस्तू मात्र किजिजीसारख्या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर वापरलेल्या घ्यायला हरकत नाही.

ऑन्टारियोत सायकलला घंटा किंवा हॉर्न लागतो, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा, मागे लाल दिवा किंवा परावर्तक लागतो. शिवाय पुढच्या फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या दुफाट्यावर) पांढरी आणि मागे लाल अशी चमकणारी पट्टीही असावी लागते. ती पट्टी काही डॉलरना मिळते आणि तरीही बहुतेकांच्या सायकलवर नसते. डिसेंबरात साडेचार-पावणेपाचला टोरोंटोत अंधार पडू लागतो, तेव्हा दिवे ही हौसेची वस्तू राहत नाही. यूएसबीवर चार्ज होणारे, सहज काढता येणारे दिवे घ्यावेत, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि रात्री ती घरात आणावी लागते. बर्फात रोज चालवणार असाल तर बारीक धातूचे खिळे बसवलेले टायर सप्टेंबरातच मागवावेत, कारण पहिला बर्फ पडल्यावर प्रचलित मापे संपलेली असतात.

रेनजॅकेटच्या वर्णनात ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला हलक्या सरीपुरता असतो. दुसऱ्यापुढे १०,००० मिलिमीटर असा आकडा दिसतो, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सहन करते. शिलाईवर आतून पट्टी लावलेली आहे का हेही पाहावे, नाहीतर उत्तम कापडाचे जॅकेट शिवणीतून गळते. काखेत झिप असलेले जॅकेट आतला घाम बाहेर जाऊ देते.

सहावी पायरी: पैसे आणि पत्ता

क्रेडिट कार्डाने पैसे भरावेत. माल आला नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. ई-ट्रान्स्फरने गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत. ऑन्टारियोच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ५० डॉलरहून अधिकच्या ऑनलाइन खरेदीत, ठरलेल्या तारखेपासून ३० दिवसांत माल आला नाही तर करार रद्द करता येतो आणि विक्रेत्याला १५ दिवसांत पैसे परत करावे लागतात. मात्र वस्तू नीट असून केवळ मन बदलले म्हणून ती परत घेण्याची सक्ती कायद्याने नाही. ती सवलत दुकानाच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणूनच वर ‘रिटर्न्स’चे पान वाचण्याचा आग्रह धरला आहे. त्यात मुदत किती दिवसांची, परतीच्या टपालाचा खर्च कोणाचा, आणि सवलतीतल्या ‘फायनल सेल’च्या वस्तू परत घेतात का, एवढे पाहावे. पहिली जोडी कधीही ‘फायनल सेल’मधून घेऊ नये.

पत्ता लिहिताना सदनिकेचा क्रमांक आणि खाली दाराशी दाबायचा बझर कोड न विसरता द्यावा. इथला पोस्टल कोड अक्षर-अंक-अक्षर, मग अंक-अक्षर-अंक असा असतो. पहिल्या आठवड्यांत शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत हमखास होते, आणि कॅनडाच्या कोडमध्ये ‘ओ’ हे अक्षर वापरलेच जात नाही एवढे लक्षात ठेवले की ती टळते. दिवसा घरी कोणी नसेल तर जवळच्या शाखेतून स्वतः पार्सल उचलण्याचा पर्याय निवडावा. भाड्याच्या घराच्या ओसरीवर ठेवलेली पार्सले चोरीला जातात.

सातवी पायरी: पार्सल आल्यावर

खोका फाडू नये, कापून उघडावा, कारण तोच परत पाठवायला लागतो. शॉर्ट्स अंतर्वस्त्रांवरून घालून पाहाव्यात आणि आतली स्वच्छतेची पट्टी काढू नये. ती काढली की बहुतेक दुकाने वस्तू परत घेत नाहीत. जर्सी उभ्याने आरशात न पाहता सायकलवर बसल्यासारखे पुढे वाकून पाहावी: पाठ उघडी पडत नाही ना, बाह्या मनगटापर्यंत येतात ना, पाठीवरच्या तीन खिशांत हात पोहोचतो ना. हातमोजे घालून ब्रेक दाबून पाहावा. बूट संध्याकाळी घालावेत, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात, आणि हिवाळ्यात जाड मोजे घालणार असाल तर तेच घालून. हे सारे घरातच, गालिच्यावर, लेबले तशीच ठेवून करावे आणि निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्यावा, कारण परतीची मुदत बहुतेक ठिकाणी माल हाती आल्यापासून किंवा पाठवल्यापासून मोजतात. परत पाठवताना टपालाची पावती आणि माग काढण्याचा क्रमांक पैसे खात्यात जमा होईपर्यंत जपून ठेवावा.

पुढच्या वर्षाची यादी याच वेळी करून ठेवल्यास बरेच पैसे वाचतात. उन्हाळी जर्सी आणि शॉर्ट्स सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरत्या किमतीत मिळतात, जाड हातमोजे आणि बुटांवरची कव्हरे फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरअखेरच्या ब्लॅक फ्रायडेला आणि २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेला दिवे, कुलपे आणि पंप यांवर चांगली सवलत असते, पण तोपर्यंत आपली मापे फोनमध्ये आणि आपल्याला बसणाऱ्या कंपनीचे नाव यादीत असले पाहिजे.